व्हॉल्व्ह कोण फिरवणार?

तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेची ही गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, कारण गोष्टीला त्याची गरज नाही. चारशे मुलं-मुली जिथे एका छपराखाली राहतात, जेवतात, आंघोळी करतात, अशी कुठलीही शाळा डोळ्यांपुढे आणा.

2018च्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास सुरू झालेले धक्के महिनोन्‌महिने थांबेनात. लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. भिंतींना गेलेल्या चिरा सगळ्यांनी पाहिल्या, पंचनामे झाले. जमिनीखालच्या चिरांचा पंचनामा कोण करणार? या शाळेच्या जुन्या सेप्टिक टँकला तडा गेला होता, हे पुढचा पावसाळा आला तेव्हा कळलं. मागच्या ओहोळात काळं पाणी दिसू लागलं. त्याच ओहोळावर खालच्या पाड्यातल्या बायका भांडी घासायच्या. तक्रार झाली, पाहणी झाली, आणि यथावकाश नव्या मैलापाणी लाइनीसाठी पैसे मंजूर झाले.

शेजारच्या डहाणूचं नाव पर्यावरणाच्या पुस्तकांत मोठं आहे. 20 जून 1991च्या अधिसूचनेने डहाणू तालुका संवेदनशील ठरला, भोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यालाही बंधनं आली. 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि त्याने बड्या बड्यांना हिशेब विचारले. पण अधिसूचना कारखान्याला अडवते, संडासाला नाही. चिकूच्या वाडीशेजारून वाहणारा ओहोळ कुणाच्या तरी मोरीने नासतोच, आणि त्याचा निकाल न्यायालयात नाही, चार इंची पाइपात लागतो.

तर काम सुरू झालं. पालघरहून एक तरुण अभियंता आला. हुशार, प्रामाणिक आणि घाईत. एकाच वेळी सात ठिकाणची कामं त्याच्या गळ्यात. आराखडा चांगला होता. संडास-मोऱ्यांचं आणि स्वयंपाकघराचं पाणी उतारावरून एका खोल टाकीत यायचं, तिथून पंपाने वर नव्या गाळटाकीत चढायचं, मग कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून निवळत पुढच्या टाकीत. तिथे जंतू मारायला थोडं सोडियम हायपोक्लोराइट, आणि ते पाणी शाळेच्या भाजीला नि झाडांना. वर्षा-दोन वर्षांत शाळेच्या मागे हिरवंगार होईल, असं अधीक्षिकाबाईंनाही वाटलं.

व्हॉल्व्हचा प्रश्न अभियंत्याने अर्ध्या तासात उरकला. उताराच्या सहा इंची लाइनीवर, टाकीच्या आधीच्या चेंबरात, बिडाचा स्लुइस व्हॉल्व्ह. बाकी सगळीकडे पितळी बॉल व्हॉल्व्ह आणि पंपावर स्प्रिंगची पितळी एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. यादी दोन-तीन ओळींची. त्यामागे विचार नव्हता असं नाही. एकच प्रकार घेतला की भाव बरा पडतो, सुटे भाग एकाच दुकानात मिळतात, शिकवायलाही सोपं. शिवाय पितळ गंजत नाही, हातात घेतलं की वजनदार लागतं, बघणाऱ्याला पैसे दिसतात. ठेकेदार तर खूशच झाला. वापीहून खोके आले, अच्छाडच्या नाक्यावरून टेम्पो आला, आणि शाळेच्या व्हरांड्यात ते चकचकीत व्हॉल्व्ह मांडून ठेवले तेव्हा मुलं बघायला जमली.

एकच माणूस खूश नव्हता. जोडारी म्हणून ठेकेदाराने डहाणूचा एक म्हातारा मिस्त्री आणला होता. उमेदीची वर्षं त्याने खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात काढली होती, म्हणून सगळे त्याला बर्फवाले मिस्त्री म्हणत. त्याने एक व्हॉल्व्ह उचलला, फिरवला, परत खोक्यात ठेवला.

“साहेब, हे मैल्याला नको.”

“का हो काका? पितळ आहे. गंजणार नाही.”

“गंजणार नाही. पण आमच्या बर्फाच्या कारखान्यात एक पितळी वॉल दाखवा. सगळे लोखंडाचे, पोलादाचे. तिथे अमोनिया असतो. अमोनिया पितळेला ठेवत नाही. आणि मुताऱ्यांच्या पाण्यात काय असतं?”

अभियंता हसला. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया टाकीभर असतो, इथे पाण्यात चिमूटभर. तुलना कशी होईल? हिशेबाने त्याचं बरोबरही होतं. मिस्त्रीने वाद घातला नाही. रोजंदारीवरचा माणूस किती वाद घालणार? “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाला आणि टेफ्लॉन टेप गुंडाळायला बसला.

त्या दिवशी व्हरांड्याच्या कडेला आणखी एक जण उभी होती. शाळेची कामाठी मावशी. आश्रमशाळेत कामाठी म्हणजे झाडलोट, पाणी भरणं, मोऱ्या धुणं, तुंबलेलं मोकळं करणं. नव्या लाइनीवरचे व्हॉल्व्ह रोज उघडायचे नि बंद करायचे ते तिनेच. तिला कोणी काही विचारलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

पहिली कुरकूर पंपाने केली. एनआरव्हीचं काम एवढंच, की पंप थांबला की वर चढलेलं पाणी उलट खाली येऊ नये. स्प्रिंगच्या एनआरव्हीत झडप मधोमध असते, पाणी तिच्या चहूबाजूंनी वळसा घालून जातं. स्वच्छ पाण्याला त्याचं काही वाटत नाही. मैलापाण्यात केस असतात, चिंधी असते. ते त्या दांडीला गुंडाळले गेले, झडप अर्धवट उघडी राहिली, वरचं पाणी खाली, पंप पुन्हा चालू, पुन्हा खाली. रात्रभर पंप कण्हत राहिला आणि विजेच्या बिलात ते उमटलं. ठेकेदाराने एनआरव्ही खोलून साफ केली. पंधरवड्याने पुन्हा तेच.

मग मे महिना. हायपोक्लोराइटच्या बारीक लाइनीवर तेवढा प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह होता, कारण ते रसायन पितळेला खातं हे ठेकेदारालाही माहीत होतं. सुट्टीत शाळा रिकामी, व्हॉल्व्ह बंद. एका दुपारी मागच्या बाजूने फटाक्यासारखा आवाज आला. जाऊन बघतात तो व्हॉल्व्हचे तुकडे पडलेले, जमिनीवर पांढरा डाग. जवळ कोणी नव्हतं म्हणून डोळे वाचले. कुणी म्हणालं, पोरांनी दगड मारला असेल. सुट्टीत पोरं कुठली? मिस्त्रीने तुकडे गोळा करून पिशवीत भरले आणि जाताना नेले.

आणि जूनच्या पहिल्या पावसात जे झालं, त्यासाठी ही गोष्ट सांगतो आहे.

पाऊस लागला तसं चेंबरांत पाणी वाढलं आणि त्याच दिवशी पंप जळला. पंप बाहेर काढायचा तर खोल टाकीत येणारं पाणी थांबवायला हवं. त्यासाठीच तर आधीच्या चेंबरात तो सहा इंची स्लुइस व्हॉल्व्ह बसवला होता. पण त्याचं चाक चेंबरच्या तळाशी, आठ फूट खाली. वरून काठी घालून, आकडा अडकवून चाक फिरवून पाहिलं. थोडं फिरलं आणि अडलं. पाणी येतच होतं. ठेकेदाराने मजुरांतला एक पोरगा निवडला. अठरा-एकोणीसचा असेल. “उतर खाली, पान्हा घे, जोर लाव. दोन मिनिटांचं काम.”

पोराने सदरा काढला. झाकण अर्धं सरकवलेलं होतं. तो म्हणाला, “आज तर वास पण नाही फारसा.”

मावशी मोरीकडून बादली घेऊन येत होती. ते वाक्य तिने ऐकलं. बादली ठेवली, आली, दोन्ही हातांनी झाकण सरकवून पुन्हा बंद केलं आणि त्याच्यावर बसली. अक्षरशः बसली, पावसात, पाय जवळ घेऊन, पदर डोक्यावर ओढून.

“उठा मावशी, काम आहे.”

“नाही उठत.”

“अहो, पाणी वर येईल. संडास तुंबतील.”

“तुंबू दे. मी काढीन. पोरगा नाही उतरायचा.”

ठेकेदार तापला. अधीक्षिकाबाई आल्या. त्यांनी समजावलं. मावशी ढिम्म. मग म्हणाली, “बाई, मागच्या पावसात मांजराचं पिल्लू पडलं होतं आत. पडताना मी बघितलं. ओरडलं पण नाही ओ. मी वाकून बघितलं तर तसंच पडलेलं. त्या दिवशी पण वास नव्हता.”

इथे गोष्ट थोडी थांबवून सांगायला हवं. बंद चेंबरात मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस नाक धरून मागे सरतो. जास्त झाला की तो आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, नेमकं उलट झालेलं असतं. मग काही श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रांत अशा बातम्यांत एकाच वेळी दोन-तीन नावं का असतात, त्याचं कारण हे. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. मावशीला कायदा माहीत नव्हता. तिला पिल्लू माहीत होतं.

अभियंता दुपारी पोचला. मोटारसायकलवरून ओलाचिंब. झाकणावर बसलेली बाई, कडेला उघडा-वाघडा पोरगा, रागाने लाल झालेला ठेकेदार. त्याने प्रकरण ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या आराखड्यात ते चाक तळाशी दाखवलेलं होतं. कागदावर ते एक छोटं वर्तुळ होतं, त्याच्यापर्यंत पोचायला कुणीतरी खाली जाणार हे वर्तुळात दिसत नव्हतं.

“मावशी, कोणी उतरणार नाही. शब्द देतो. पण पाणी कसं थांबवायचं?”

“पाणी येतं कुठून?” मावशीने विचारलं. “वरच्या टाकीतून. पोरं वर्गात बसली की मी टाकीचा कॉक बंद करते. मोऱ्यांना पाणीच नाही तर इथे येणार काय? उद्या अकरा ते दीड या, मोकळं मिळेल.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला डहाणूहून मैला उपसणारा टँकर आला. पाऊसही उघडला होता. वरून नळी सोडून चेंबर आणि टाकी उपसली, साखळीने पंप वर ओढला, एकाच्याही पायाला चिखल लागला नाही. साखळीनेच व्हॉल्व्हही काढला. बर्फवाले मिस्त्री त्यासाठी मुद्दाम आले होते.

व्हॉल्व्ह उलटा करून त्यांनी पान्ह्याच्या टोकाने तळातली खाच खरवडली. स्लुइस व्हॉल्व्हचं पातं खाली येऊन ज्या खाचेत बसतं, ती खाच गच्च भरली होती. राखाडी, घट्ट, सिमेंटसारखं काहीतरी.

“हे काय आहे?” अभियंत्याने विचारलं.

मिस्त्रीने बोटांत चुरडलं. मावशीनेही चुरडलं आणि लगेच म्हणाली, “राख. आमच्या चुलीची. मोठी पातेली राखेने घासतो ना. आणि ही वाळू, पोरांच्या पायाची.”

अभियंत्याने आराखडा करताना सगळं विचारलं होतं. माणशी किती लिटर पाणी, लाइनीचा उतार किती, पंपाचा दाब किती. पातेली कशाने घासता हे विचारलं नव्हतं. त्याने खिशातून वही काढली. “मावशी, आता तुम्ही सांगा. या पाइपातून काय काय जातं?”

मग तिघं लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मावशी पुढे, मिस्त्री मागे, अभियंता मधे लिहीत. स्वयंपाकघरातून भाताची शितं आणि तेल. भज्यांच्या दिवशी तेल जास्त. मुलांच्या बाजूने चिखल, शॅम्पूच्या पुड्या, एकदा गोटी, एकदा चेंडू. मुलींच्या बाजूला आली तशी मावशी थोडी घुटमळली, अधीक्षिकाबाईंकडे पाहिलं, मग म्हणाली, “केस. आणि पॅड. टाकायला डबा नाही, तर पोरी काय करतील? लाजतात, मोरीत ढकलतात.” त्या क्षणी कुठल्याही व्हॉल्व्हपेक्षा मोठी दुरुस्ती ठरली: झाकणाचे डबे, प्रत्येक न्हाणीघरात एक.

झाडाखाली बसून मिस्त्रीने पिशवी उघडली. आधी काढला तो गाळटाकीवरचा पितळी व्हॉल्व्ह, सकाळीच गळत होता म्हणून उतरवलेला. जोडाच्या षटकोनी नटवर केसाएवढी बारीक, सरळ चीर. गंज नाही, झीज नाही, बाकी धातू नव्यासारखा. नखाने ओढलं तर नख अडकत होतं, इतकंच. अभियंता ती चीर बघतच राहिला. त्याला कॉलेजातलं धातुशास्त्राचं पुस्तक आठवलं. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली असत आणि पितळी कवचं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिघांचा तो खेळ होता, हे 1921मध्ये सिद्ध झालं. नट कचकचून आवळला की त्यात ताण येतोच. अमोनिया किती, याचा हिशेब त्याने केला होता. ताण आणि दमटपणा त्याने हिशेबात धरलेच नव्हते.

“काका, तुम्ही बरोबर होता.”

“मी कुठे काय म्हणालो? कारखान्यात जे बघितलं ते सांगितलं.” मिस्त्रीने पिशवीतून प्लॅस्टिकचे तुकडे काढले. “आता हे बघा. याला कोणी दगड मारला नाही.”

बॉल व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोटात थोडं द्रव कोंडून राहतं. पाणी असलं तर राहू दे बापडं. हायपोक्लोराइट उन्हात आपोआप फुटतं, त्यातून वायू सुटतो, आणि त्या वायूला जायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि व्हॉल्व्ह फुटतो. उपाय दोन. एक तर पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅम व्हॉल्व्ह घ्या, त्यात कोंडायला पोकळीच नाही. नाहीतर बंद असताना रसायनाच्या टाकीकडे येईल अशा बाजूने गोळ्याला बारीक भोक असलेला व्हॉल्व्ह घ्या, वायू परत टाकीत जातो. आणि दोन्हींवर सावली करा.

त्या दुपारी यादी पुन्हा झाली. तिची गंमत अशी, की पहिला निर्णय व्हॉल्व्ह न लावण्याचा होता. उताराच्या लाइनीवर सहा इंची स्लुइस व्हॉल्व्ह परत बसवायचा की दुसऱ्या जातीचा, यावर अभियंता बोलत होता. मावशी म्हणाली, “पण तो लागतोच कशाला? आज तर त्याच्यावाचूनच भागलं.” मिस्त्री हसला, मग अभियंताही. व्हॉल्व्ह म्हणजे मैल्याच्या वाटेत आपण होऊन ठेवलेला अडथळा. जिथे त्याच्यावाचून चालतं तिथे तो नसणं हीच त्याची सर्वांत उत्तम जात. त्या चेंबरात मग वरून उतरवायची एक पाटी आणि जाळी तेवढी ठेवली, जाळी लांब दांड्याच्या दाताळ्याने वरूनच ओढायची.

पंपाला रबर चढवलेल्या गोळ्याची एनआरव्ही आली. पाणी वाहू लागलं की गोळा बाजूच्या खिशात सरकतो, अख्खी वाट मोकळी. पंप थांबला की परत येऊन बसतो. दांडी नाही, स्प्रिंग नाही, केसाने गुंडाळायचं तरी कशाला? गाळ सोडायच्या लाइनीला सुरीसारख्या पात्याचा नाइफ गेट, जो गाळ कापत खाली जातो. वेगळी खाच नाही की राखेने भरेल. बटरफ्लाय व्हॉल्व्ह अभियंत्याने सुचवला होता, स्वस्त नि हलका. त्याची चकती उघडी असतानाही प्रवाहाच्या मधोमध उभी राहते. “शॅम्पूच्या पुड्यांची तोरणं लागतील तिला,” मिस्त्री म्हणाला. निवळलेल्या पाण्याच्या मोठ्या लाइनीवर मात्र तोच लावला, तिथे तो छान.

धातू आणि रबराचंही तसंच. हायड्रोजन सल्फाइड ओल्या पाइपाच्या वरच्या अंगाला चिकटतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंटही खातं, लोखंडही. म्हणजे जो वायू माणसाला मारतो तोच लाइनीलाही पोखरतो. म्हणून मैल्याचे पाइप काळ्या एचडीपीईचे, वितळवून जोडलेले. जमीन हलली तर ते लवतात. सिमेंटने भरलेला सांधा उकलतो. व्हॉल्व्हची अंगं साध्या बिडाची नकोत, डक्टाइल आयर्नची हवीत. बीड ठिसूळ, धक्क्याला तडकतं. त्यांना आतून-बाहेरून इपॉक्सी. आणि जड व्हॉल्व्ह पाइपवर लटकवायचा नाही, त्याच्याखाली काँक्रीटचा ठोकळा. स्वयंपाकघराच्या लाइनीवर ईपीडीएम रबर फुगतं, कारण तेल, तिथे नायट्राइल. त्याच्याही आधी तेल अडवायची छोटी टाकी. स्टेनलेस स्टीलवर अभियंत्याचा जीव होता, पण क्लोरिनच्या जवळ आणि खाऱ्या वाऱ्यात 304 जातीच्या स्टीललाही टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, हे डहाणूच्या कुठल्याही बोटवाल्याला विचारावं.

अभियंत्याची पहिली भूमिका सगळीच चुकीची होती असं मात्र मिस्त्री म्हणाला नाही. “दहा जाती पण करू नका साहेब. सुटा भाग नाही मिळाला की पोरं तार बांधतात.” म्हणून चारच प्रकार ठरले, चारही वापीच्या बाजारात मिळणारे. इतकी वर्षं पान्हा हाती घेतलेल्या माणसाला नेमकं किती बदलायचं हेही कळतं.

शेवटी अभियंत्याने वहीत एक रकाना आखला. आकार, जात, धातू, रबर, किंमत यांच्यापुढे सहावा: कोण फिरवणार. प्रत्येक व्हॉल्व्हपुढे त्याने मावशीला उभं करून विचारलं. हात पोचतो का? चाकाला जोर किती लागतो? अंधारात कळेल का उघडा की बंद? उंच बसवलेला एक तिच्या खांद्याच्या पातळीवर आणला. चेंबरातल्या दोन व्हॉल्व्हना लांब दांडा लावून वरून टी-किल्लीने फिरवायची सोय केली. ठेकेदार कुरकुरला, दांड्याचे जास्तीचे पैसे कोण देणार म्हणून. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, “तुम्ही. झाकणावर बसलेल्या बाईचा फोटो आहे माझ्याकडे.” फोटो होता की नाही, देव जाणे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी मच्छीमारांच्या जाळ्यात पोचलं, म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. मोठ्या पाइपांची भांडणं मोठ्या दरबारात जातात. खालच्या पाड्यातल्या बायका कुठल्या लवादात गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ओहोळाचं पाणी काळं राहिलं नाही, तेव्हा त्या पुन्हा भांडी घेऊन आल्या. राखेनेच घासायला.

नव्या अंदाजपत्रकातल्या व्हॉल्व्हची संख्या जुन्याच्या जवळपास अर्ध्यावर आली. तपासणीला आलेल्या लेखापालाने दोनदा विचारलं की काम कमी झालं आहे का. सहाव्या रकान्याचं त्याला काही समजलं नाही, पण आक्षेप घेण्यासारखंही काही सापडलं नाही.

खोक्यात उरलेले कोरे पितळी व्हॉल्व्ह दुकानदाराने परत घेतले नाहीत. मिस्त्रीने ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनीवर बसवले, मुलांच्या हंडे-कळश्या भरायच्या नळांच्या मागे. तिथे ते आजवर एकदाही गळलेले नाहीत.